अंगावरून वारं जाण्याआधी



आज मी एका गोळीविषयी बोलणार आहे. रोज रात्री घ्यायची, आकाराने लहान, किमतीने फार नाही अशी ही गोळी. आपल्याकडे तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. हृदयाची झडप आकसलेली आहे, झडपेच्या जागी धातूची झडप बसवली आहे किंवा नाडी कायमची बेताल झाली आहे, अशा माणसाच्या हृदयात रक्ताची गाठ तयार होऊ शकते. ती मेंदूत जाऊन अडकली की अर्धं अंग लुळं पडतं. ते होऊ नये म्हणून ही गोळी. हृदयरोगाचा डॉक्टर म्हणून मी सोलापुरात अनेक वर्षं काम करतो आहे आणि माझं ठाम मत झालं आहे, की आपल्या शहरात पक्षाघात झालेल्या अनेक तरुण बायकांचा हात आणि वाचा वाचली असती. गोळी उपलब्ध होती आणि ती लिहूनही दिलेली होती. कमी पडली ती गोळीसोबत लागणारी महिन्याची रक्ततपासणी. हे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत येऊन बोलायचं कारण हेच, की ती तपासणी चुकते ती बहुतेक इथे, मागावरच्या पाळीमुळे आणि बुडणाऱ्या रोजामुळे.

एक उदाहरण सांगतो. कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन केसपेपर एकत्र केले आहेत. बाई अडतिशीच्या. घरी विड्या वळतात, नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. जिना चढताना धाप लागायची. तपासणीत झडप खराब निघाली. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, धातूची झडप बसली. आज जिला महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणतात ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत सोलापूर होतं. या योजनेने किती जीव वाचवले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. या बाईही बऱ्या झाल्या. पहिलं वर्षभर तपासणीला नियमित आल्या. मग दिवाळीच्या हंगामात एक महिना चुकला, पुढे मुलीच्या लग्नात दोन. बरं वाटत होतं, म्हणून गोळी एक दिवसाआड झाली. एका सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि तोंड वाकडं झालं. घरच्यांना वाटलं, अंगावरून वारं गेलं. तेल चोळून झालं, कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला, तोही झाला. दवाखान्यात आल्या त्या तिसऱ्या दिवशी. उजवा हात गेला होता. विडी वळणाऱ्या बाईचा उजवा हात.

हे सगळं सुरू होतं बहुधा घशातून. पाच ते पंधरा वयाच्या पोराचा घसा दुखतो, ताप येतो, दोन दिवसांत उतरतो. त्या घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असेल, तर काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. हा संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर. जंतूशी लढायला उठलेली शरीराची शक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप होत नाही. वर्षं जातात तशी डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात, तोंड आकसतं. वरच्या कप्प्यातलं रक्त खाली उतरायला वाट पुरत नाही. कप्पा फुगत जातो आणि एक दिवस त्याची लय तुटते. नीट आकुंचन पावण्याऐवजी तो नुसता थरथरत राहतो. यालाच एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात.

ही बेताल नाडी ओळखणं इथे बसलेल्यांना अवघड जाऊ नये. मागावर काम करणाऱ्याला धोट्याची लय कानाने कळते. चार मागांच्या आवाजात एकाची चाल बिघडली, तर तो न बघता तिकडे वळतो. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजा. ठोके कधी लवकर, कधी उशिरा, कधी जोरात, कधी हलके आणि त्यात काहीच क्रम नाही असं वाटलं, तर ईसीजी काढायला या. ईसीजी चटकन निघतो आणि निदान पक्कं होतं.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं आणि साचलेलं रक्त गोठतं. कप्प्याच्या एका कोपऱ्यात पिशवीसारखा छोटा फाटा असतो, गाठ बहुतेकदा तिथे जमते. सुटली की महाधमनीतून वर मेंदूकडे जायला तिला क्षण पुरतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासातून १९७८ साली आकडे आले. नुसती नाडी बेताल असेल तर पक्षाघाताचा धोका पाचपटीहून जास्त. सोबत संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली असेल, तर सतरा पटींहून जास्त. श्रीमंत देशांत हा दुसरा गट आता जवळजवळ उरलेला नाही. माझ्या ओपीडीत तो रोज असतो आणि त्यात बायका जास्त.

या गोळीचा जन्म गोठ्यात झाला. कामगारांसमोर आणि शेतकऱ्यांच्या मुलांसमोर ही हकीगत सांगितलीच पाहिजे. १९२० नंतर अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात गाईगुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली, खच्ची केलं, की रक्त थांबेना. गुरांच्या डॉक्टरांनी शोधलं, की ओलावा लागून बुरसटलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाल्लेल्या जनावरांनाच हे होतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो खराब चारा गाडीत घालून विद्यापीठात पोहोचला. तिथे त्याला कार्ल पॉल लिंक हे रसायनशास्त्रज्ञ भेटले. लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढची सहा वर्षं तो चारा सोडला नाही. १९३९ साली त्यातून रक्त गोठू न देणारा पदार्थ शुद्ध स्वरूपात निघाला. त्याच कुळातलं आणखी प्रभावी रसायन म्हणजे वॉरफरिन. ते १९४८ साली बाजारात आलं ते उंदीर मारायचं औषध म्हणून. माणसांसाठी त्याला १९५४ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हेच औषध दिलं गेलं.

उंदराची गोष्ट मी मुद्दाम लपवली नाही. कुणीतरी मोबाईलवर वाचून सांगतं, 'अहो, हे तर उंदराचं विष,' आणि पेशंट त्याच रात्री गोळी बंद करतो. औषध आणि विष यांत इथे फरक मात्रेचा आहे, आणि मात्रा मोजता येते. ती मोजण्यासाठीच रक्ततपासणी असते.

गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना जीवनसत्त्व 'के' लागतं. वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी ॲसिट्रॉम, म्हणजे ॲसेनोकुमारॉल, त्या जीवनसत्त्वाचा पुन्हा वापर होऊ देत नाही. नवे घटक कमी बनतात आणि रक्त गोठायला वेळ लागतो. तो वेळ मोजणाऱ्या तपासणीला आयएनआर म्हणतात. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा वेगळा यायचा. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही एकसारखी मोजपट्टी स्वीकारली, तेव्हापासून सोलापूरचा आकडा पुण्यात वाचता येतो. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. आकसलेली झडप आणि बेताल नाडी असेल, तर तो दोन ते तीनमध्ये हवा. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल, तर साधारण अडीच ते साडेतीन. दोनच्या खाली गेला तर गाठीचा धोका वाढतो, चारच्या वर गेला तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा. सगळा खेळ या अरुंद पट्ट्यात आहे. शिवाय आज मात्रा बदलली तर पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. म्हणून अंदाजाने गोळी कमी-जास्त करणारा माणूस नेहमी उशिरा आणि चुकीच्या दिशेने करतो.

आता जेवणाचं. जीवनसत्त्व 'के' हिरव्या पालेभाजीत भरपूर असतं. त्यामुळे काही दवाखान्यांतून 'पालेभाजी बंद' असा कागद मिळतो. हे मला मुळीच पटत नाही. भाकरी, शेंगाचटणी आणि मेथी-चाकवत खाऊन जगणाऱ्या माणसाची भाजी तोडली, तर त्याच्या ताटात राहतं काय? भाजी खा, फक्त दर आठवड्याला साधारण सारखी खा. अडचण येते ती एकदम बदलाने. वेळ अमावस्येला शेतात सगळ्या पाल्यांची भज्जी होते आणि पुढचे दोन दिवस घरात तीच असते. तिच्यावर बंदी नको, पण तपासणी त्याच आठवड्यात असेल तर डॉक्टरांना सांगा, म्हणजे घसरलेल्या आकड्यावरून ते मात्रा उगाच वाढवणार नाहीत. उलट उपास लांबले, ताप-जुलाब झाले, चार दिवस अन्न गेलं नाही, तर आकडा वर चढतो. तेव्हा तपासणीची तारीख यायची वाट पाहू नका.

जेवणापेक्षा जास्त घात करतात दुसऱ्या गोळ्या. मागावर आठ-दहा तास उभं राहून कंबर धरते. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं जातं. रक्ताच्या गोळीवर ते घेतलं, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, शौचाला डांबरासारखी काळी होते. जुलाबासाठी सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडाझोल आयएनआर एकदम चढवते. आणि कंबरेत सुई! आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. पण या पेशंटच्या स्नायूत सुई दिली, की आतल्या आत रक्त साकळून मांडी टणक होते. वसाहतीतल्या माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती आहे, सुई देण्याआधी एकदा विचारा, 'रक्ताची गोळी चालू आहे का?'

आणखी एक गोष्ट फक्त तरुण बायकांसाठी आणि त्यांच्या सासूबाईंसाठीही. पाळी चुकली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी बाळाच्या हाडांना आणि नाकाच्या घडणीला इजा करू शकते. त्या काळात मात्रा बघून हेपॅरिनच्या इंजेक्शनांवर जावं लागतं. पण स्वतःच्या मनाने गोळी सोडली आणि दुसरं काही सुरू केलं नाही, तर धातूची झडप गाठीने बंद पडते. मग आई आणि बाळ दोघंही जातात. नवीन लग्न झालेल्या मुलीला हे आधी सांगून ठेवणं हे आम्हा डॉक्टरांचं काम आहे आणि ते पुरेसं होत नाही.

तुमच्यापैकी काही जण विचारतील, की आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत, मग हा त्रास कशाला? प्रश्न बरोबर आहे. डॅबिगाट्रान, रिव्हारोक्झाबान, एपिक्झाबान एकामागून एक आल्या. पेटंटची मुदत संपल्यावर भारतीय कंपन्यांनी त्या बनवल्या आणि किमती उतरल्या. ज्यांची नाडी बेताल आहे पण झडप आकसलेली नाही, म्हणजे बहुतेक वयस्कर, रक्तदाबाचे, मधुमेहाचे पेशंट, त्यांच्यासाठी त्या चांगल्या आहेत आणि मी त्या आनंदाने देतो. मूत्रपिंडाची तपासणी मात्र अधूनमधून लागते. अशा माणसाला नुसत्या ॲस्पिरिनवर ठेवलेलं मी अजून पाहतो, तेव्हा मला वाईट वाटतं. वॉरफरिन पक्षाघाताचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने घटवतं, ॲस्पिरिन जेमतेम एक-पंचमांशाने. २०११ मध्ये ॲस्पिरिन आणि एपिक्झाबानची तुलना झाली. ॲस्पिरिनच्या गटात दरवर्षी शंभरात जवळजवळ चार जणांना गाठीचा आघात झाला, एपिक्झाबानच्या गटात दोनपेक्षा कमी जणांना. गंभीर रक्तस्रावात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. ॲस्पिरिन सुरक्षित वाटतं म्हणून दिलं जातं. या रोगात ते पुरेसं राखणही करत नाही.

धातूच्या झडपेचं वेगळं आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीची झडप तयार झाली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. परदेशी झडपेची किंमत न झेपणाऱ्या देशासाठी हे फार मोठं काम होतं. पण झडप देशी असो वा परदेशी, धातू आणि कार्बनवर रक्त गोठतंच. अशा पेशंटना डॅबिगाट्रान देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये अर्ध्यात थांबवावा लागला, कारण गाठीही वाढल्या आणि रक्तस्रावही. त्यांना जुनी गोळी, तीही जन्मभर.

आणि ज्यांची झडप आकसलेली आहे, ऑपरेशन झालेलं नाही, त्यांचं काय? अनेक वर्षं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, कारण नव्या गोळ्यांच्या मोठ्या अभ्यासांतून अशा पेशंटना वगळलं होतं. गरिबांचा रोग. उत्तर आलं ऑगस्ट २०२२ मध्ये, इन्व्हिक्टस नावाच्या अभ्यासातून. त्याच्या प्रमुखांपैकी एक होते दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतले साडेचार हजार पेशंट, त्यांत ७२ टक्के बायका, सरासरी वय पन्नास. अर्ध्यांना रिव्हारोक्झाबान, अर्ध्यांना जुनी गोळी. आमच्यापैकी बहुतेकांची अपेक्षा होती, की नवी गोळी निदान बरोबरीला येईल. झालं उलटं. रिव्हारोक्झाबानच्या गटात ५५२ जण दगावले, जुन्या गोळीच्या गटात ४४२. पक्षाघातही जुन्या गोळीवर कमी झाले, आणि मोठ्या रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

या निकालातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला जुन्या गोळीवरच्या पेशंटपैकी जेमतेम एक-तृतीयांश लोकांचा आयएनआर योग्य पट्ट्यात होता. अभ्यास चालू असताना तो साधारण साठ टक्के वेळ पट्ट्यात राहू लागला. औषध तेच, माणसं तीच, फक्त कुणीतरी नियमित तपासत होतं. मृत्यू कमी का झाले याचं नेमकं कारण अजून ठरलेलं नाही. पण एक शक्यता अशी, की महिन्याच्या महिन्याला रक्त द्यायला येणारा पेशंट डॉक्टरांच्या नजरेखाली राहतो. पायाची सूज दिसते, धाप कळते, दुसरी औषधं वेळेवर सुधारतात. मी तीस दिवसांनी बघितलेला माणूस आणि तीन वर्षांनी थेट स्ट्रेचरवर बघितलेला माणूस, यांतला फरक मला माहीत आहे.

मग तो महिन्याला येत का नाही? याचं उत्तर इथल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. यंत्रमागावर कामाच्या नगावर मजुरी असते. सिव्हिल हॉस्पिटलला जायचं तर सकाळी लवकर निघायचं, केसपेपर काढायचा, रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी थांबायचं आणि मग पुन्हा डॉक्टरांसमोर रांग. त्यात दिवस जातो. रात्रपाळीचा माणूस झोप मोडून येतो. तपासणी फुकट असली तरी दिवस फुकट नसतो. राज्य कामगार विम्यात आजारपणाच्या रजेला सत्तर टक्के वेतन मिळतं, पण तो कायदा साधारण दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला आणि महिना २१ हजारांपर्यंतच्या पगाराला लागू आहे. चार-सहा माणसांच्या शेडमध्ये काम करणारा आणि घरी विड्या वळणारी बाई त्यात कुठे बसतात? आणि गोळीचा कागद इंग्रजीत असतो. ज्या वस्तीत घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कन्नड आणि उर्दू चालतं, तिथे 'अर्धी गोळी एक दिवसाआड' हे इंग्रजीत लिहिलेलं कोण वाचणार?

मुळाशी जायचं तर घर आणि घसा. संधिवाताचा ताप दाटीवाटीने पसरतो. एका खोलीत आठ माणसं झोपतात, तिथे एकाच्या घशातला जंतू सगळ्यांच्या घशात जातो. युरोप-अमेरिकेत हा रोग पेनिसिलिन येण्याच्या आधीच ओसरू लागला होता, तो घरं आणि राहणीमान सुधारलं म्हणून. याच रस्त्यावर पुढे कुंभारीला कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. गोदूताई परुळेकरांचं नाव दिलेल्या त्या वसाहतीचं २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण झालं. जानेवारी २०२४ मध्ये तिथेच रे नगरची घरं कामगारांना मिळाली. हृदयरोगाचा डॉक्टर म्हणून मी या घरांकडे झडपांचं संरक्षण म्हणून बघतो. ज्या मुलाला एकदा संधिवाताचा ताप आला, त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं चालू ठेवलं, तर झडप पुढे बिघडण्याचा धोका बराच कमी होतो. शाळेतल्या बाईंनी सांधे सुजलेलं पोर लक्षात ठेवावं, एवढंच मागणं.

आणि ज्यांची झडप आधीच गेली आहे, त्यांच्यासाठी मला या वसाहतीत एक खोली हवी आहे. बोटाच्या टोकाला टोचून एका थेंबावर आयएनआर सांगणारं यंत्र असतं, साखर तपासायच्या यंत्राएवढं. आकडा मिनिटभरात कळतो. पगाराच्या दिवशी, दिवसपाळी सुटताना आणि रात्रपाळी लागताना असे दोन तास खोली उघडी ठेवायची. एक परिचारिका, जी तेलुगूही बोलते. प्रत्येकाची एक वही, तिच्यात तारीख, आकडा आणि गोळीचं चित्र. पूर्ण, अर्धी, पाव. आकडा पट्ट्यात असेल तर परिचारिकाच तीच मात्रा पुढे चालू ठेवेल, बाहेर असेल तर डॉक्टरांना फोन करेल. जो आला नाही, त्याच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी निरोप जाईल. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर चोळत बसायचं नाही, साडेचार तासांच्या आत मेंदूचं स्कॅन होईल अशा दवाखान्यात न्यायचं आणि वही सोबत न्यायची, हेही त्याच खोलीत भिंतीवर चार भाषांत लिहिलेलं असेल.

यंत्र आणि त्याच्या पट्ट्यांचा खर्च कारखानदारांच्या संघटनेने उचलावा, खोली औद्योगिक विकास महामंडळाने द्यावी, कामगार संघटनांनी यादी करावी. तीनही ठिकाणची मंडळी आज सभागृहात बसली आहेत. फोनवरचा डॉक्टर मी आहे, आणि पगाराच्या दिवसाची संध्याकाळ मी मोकळी ठेवली आहे.